घरी येणारी परिचारिका : निवड आणि सांभाळ
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांचा गुणगौरव, विवाहाचे प्रश्न किंवा ज्ञातीचा इतिहास ह्यांवर बोलले जाते, असा आपला आजवरचा परिपाठ आहे. चिटणीसांनी मला मात्र एक निराळाच विषय दिला. घरी असलेल्या रुग्णाच्या शुश्रूषेसाठी योग्य परिचारिका कशी मिळवावी आणि मिळालेली कशी टिकवावी, हा तो विषय होय. प्रथमदर्शनी तो रुक्ष वाटेल. परंतु ह्या सभागृहात बसलेल्या किती कुटुंबांत आज अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, ह्याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी केला, तर प्रश्न आपल्या उंबरठ्याच्या आत आलेला आहे हे ध्यानी येईल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर शंभर माणसांमागे सुमारे दहा माणसे साठी ओलांडलेली होती. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे. मुले बंगळुरास किंवा परदेशी, सून नोकरीवर, आणि घरात ऐंशीच्या घरातील दोन माणसे एकमेकांना सावरीत आहेत, हे चित्र आपल्याला अपरिचित नाही.

मी चौतीस वर्षे रुग्णालयांत काढली. अधिपरिचारिका, परिसेविका आणि शेवटी अधिसेविका अशा पायऱ्या चढत निवृत्त झाले आणि त्यानंतर घरोघर जाणाऱ्या परिचारिकांची निवड व देखरेख करण्याच्या कामात पडले. ह्या अनुभवाच्या आधारे मी चार गोष्टी आपल्यापुढे ठेवणार आहे.

घरची शुश्रूषा ही काही आजची नवलाई नव्हे. पूर्वी ती प्रत्येक घरात होतच होती. ती करीत असे घरातली सून, लेक किंवा पदराखाली आश्रय घेतलेली एखादी विधवा आत्या. तिला वेतन नव्हते, रजा नव्हती, आणि नकार देण्याची मुभाही नव्हती. आज ती व्यवस्था उरलेली नाही, आणि ती गेली ह्याचे दुःख मानण्याचे मला कारण दिसत नाही. मात्र तिची जागा घेणाऱ्या बाईकडून आपण नकळत त्याच जुन्या अपेक्षा धरतो. ती विनावेळ राबेल, काही मागणार नाही आणि कोठे जाणार नाही, असे आपण गृहीत धरून चालतो. आजच्या विषयातील निम्म्या अडचणींचे मूळ येथेच आहे.

आपल्या प्राचीन वैद्यकाने मात्र शुश्रूषा करणाऱ्याला फार मोठे स्थान दिले होते. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. म्हणजे परिचारक हा वैद्याच्या हाताखालचा गडी नसून चिकित्सेचा स्वतंत्र आधारस्तंभ आहे. त्याच्या ठायी चार गुण असावेत असे तेथे म्हटले आहे : उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी आस्था आणि शुचिता. 'शुश्रूषा' ह्या शब्दाचा मूळ अर्थही ऐकण्याची इच्छा असा आहे. जो रुग्णाचे ऐकतो तोच त्याची सेवा करू शकतो, हे त्या शब्दातच साठविलेले आहे.

आधुनिक काळात घरी जाऊन करावयाच्या शुश्रूषेला शिस्त लागली ती इंग्लंडातील लिव्हरपूल शहरी. विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याची पत्नी १८५९ साली निवर्तली. तिच्या अखेरच्या दुखण्यात मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेने घरी राहून तिची सेवा केली होती. श्रीमंताच्या घरी जर ह्या सेवेने एवढा आराम मिळतो, तर गरिबाच्या घरी किती मिळेल, असा विचार करून रॅथबोनने त्याच परिचारिकेला तीन महिन्यांसाठी गरीब वस्तीत नेमले. महिनाभरात ती रडत परत आली. एवढे दैन्य पाहवत नाही, हे काम मला झेपणार नाही, असे ती म्हणू लागली. रॅथबोनने तिला दटावले नाही. तिच्या हातून प्रत्यक्ष किती जणांना आराम पडला आहे हे त्याने तिला समजावून दिले, आणि तीन महिने पुरे झाल्यावर तिने आपण होऊन हेच काम पुढे चालविण्याची तयारी दाखविली. अशा आणखी परिचारिका मिळेनात, तेव्हा त्याने फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचा सल्ला घेतला. त्यांनी सांगितले की, परिचारिका हव्या असतील तर त्या तयार कराव्या लागतील. त्याप्रमाणे लिव्हरपूलच्या रुग्णालयाशी जोडलेली प्रशिक्षणशाळा उभी राहिली. पुढे शहराचे १८ विभाग पाडून प्रत्येक विभागात एक परिचारिका आणि तिच्यामागे साहित्य पुरविणारी, विचारपूस करणारी एक जबाबदार बाई अशी योजना झाली.

ही हकीगत मी विस्ताराने सांगितली, कारण आजच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. मनुष्य निवडावा लागतो, तयार करावा लागतो, आणि तो खचू लागला की त्याच्यामागे कोणीतरी उभे राहावे लागते. ह्यांपैकी पहिली गोष्ट आपण कशीबशी करतो. दुसरी व तिसरी विसरतो.

आपल्याकडे ही परंपरा नव्हती असे मात्र कोणी समजू नये. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले ह्यांनी रुग्णांची सेवा करता करता देह ठेवला. रमाबाई रानडे ह्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे हे कुलीन स्त्रीला शोभत नाही असे समाज म्हणत असताना, विधवांना व गरजू स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखविली. त्या काळी टीका करणाऱ्यांत सुशिक्षित घरेही होती, हे आपण विसरू नये.

आता निवडीकडे वळू. पहिली गोष्ट ही की, आपणांस नेमके कोण हवे आहे हे आधी ठरवावे. आपण घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला 'सिस्टर' किंवा 'नर्स' म्हणतो. वस्तुतः परिचारिका म्हणजे जिने मान्यताप्राप्त संस्थेत एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग हा अभ्यासक्रम पुरा करून राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी केली आहे ती. इंजेक्शन देणे, लघवीची नळी बदलणे, नाकातील नळी घालणे, घशातील कफ यंत्राने ओढून काढणे, शिरेतून औषध देणे ही तिची कामे होत. तिच्याखेरीज दुसरा वर्ग आहे शुश्रूषा-सहायकांचा, म्हणजे आपण ज्यांना मावशी किंवा आया म्हणतो त्यांचा. स्नान घालणे, कूस बदलणे, भरविणे, चालविणे, कपडे व चादरी बदलणे ही त्यांची कामे. ह्या कामांसाठीही आता रीतसर प्रशिक्षण व प्रमाणपत्र उपलब्ध आहे. ज्या घरी सहायक पुरेशी आहे तेथे परिचारिका ठेवली तर पैसा वाया जातो आणि काम न उरल्याने ती कंटाळून जाते. उलट जेथे परिचारिका हवी तेथे स्वस्तात सहायक ठेवली तर रुग्णाच्या जिवाशी खेळ होतो. तेव्हा डॉक्टरांकडून कामांची यादी लिहून घ्यावी आणि मगच ब्युरोला दूरध्वनी करावा. नोंदणीचे प्रमाणपत्र मूळ प्रतीत पाहावे. ते मागण्यात अपमान नाही. चांगली परिचारिका ते अभिमानाने दाखविते.

परंतु प्रमाणपत्राने ज्ञान कळते, जोगतेपणा कळत नाही. रुग्णालयात उत्तम काम करणारी परिचारिका घरी उत्तम ठरेलच असे नाही. रुग्णालयात तिच्या पाठीशी परिसेविका असते, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो, साहित्य कपाटात असते. घरी ती एकटी असते. रात्री अडीच वाजता आजोबांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले आणि ते भलतेच बोलू लागले, तर ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात हे तिचे तिलाच ओळखावे लागते. रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर गोड द्यावयाचे, नसेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ मदत बोलवावयाची, हा निर्णय तिला क्षणात करावा लागतो. शिवाय रुग्णालय हे तिचे क्षेत्र असते. घर मात्र दुसऱ्याचे. तेथे देवघर आहे, सासू-सुनांची मते आहेत, परदेशातून दूरध्वनीवर सूचना देणारा मुलगा आहे. ह्या सर्वांतून वाट काढून रुग्णाचे हित साधणे ही स्वतंत्र कला आहे.

म्हणून मुलाखतीत 'किती वर्षांचा अनुभव' एवढेच विचारून थांबू नये. प्रसंग घालावेत. रुग्णाने औषध घेण्यास साफ नकार दिला तर काय कराल? माकडहाडाजवळ लाल डाग दिसला आणि बोटाने दाबूनही तो पांढरा पडला नाही, तर त्याचा अर्थ काय? घरातील दोन माणसांनी परस्परविरुद्ध सूचना दिल्या तर कोणाचे ऐकाल? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात तिची आस्था कळते, दुसऱ्याच्या उत्तरात ज्ञान, तिसऱ्याच्या उत्तरात दक्षता. शुचिता मात्र शब्दांत कळत नाही. रुग्णाला हात लावण्यापूर्वी ती आपण होऊन हात धुते की नाही, हे पाहावे. चरकाचे चार गुण आजही कसोटी म्हणून पुरेसे आहेत. जी परिचारिका 'हे मला येत नाही, मी विचारून सांगते' असे निःसंकोच म्हणते, तिला मी नेहमी अधिक गुण देते. सर्व येते असे सांगणारीची मला भीती वाटते.

मुलाखत ही दोन्ही बाजूंनी व्हावयाची असते, हेही लक्षात ठेवावे. रुग्णाचे वजन किती, तो रात्री किती वेळा उठतो, स्मृतिभ्रंशामुळे हात उगारतो काय, शिव्या देतो काय, हे तिला आधीच स्पष्ट सांगावे. आपण ते लपवितो, आणि तिसऱ्या दिवशी ती निघून गेली की 'हल्ली माणसेच टिकत नाहीत' म्हणून हळहळतो. सत्य ऐकून जी येते ती बहुधा टिकते. पहिले तीन दिवस पूर्ण वेतनावर परीक्षेचे ठेवावेत, आणि परीक्षा दोघांचीही आहे असे मानावे.

आता टिकविण्याचा प्रश्न. काम सोडून जाणाऱ्या परिचारिकांशी मी नेहमी बोलते. केवळ पैशासाठी गेले असे सांगणाऱ्या असतात. पण त्याहून इतर कारणेच अधिक ऐकू येतात. ब्युरो कुटुंबाकडून घेतो त्या रकमेतून आपल्या हाती काय येते हे तिला कळत नाही, आणि जे येते ते वेळेवर येत नाही. चोवीस तासांच्या ड्यूटीत सलग चार तास झोप मिळत नाही. रुग्णाची सेवा करावयाची म्हणून ठेवतात आणि हळूहळू लादी पुसणे, पोळ्या लाटणे, नातवाला बसपर्यंत सोडणे ही कामे गळ्यात पडतात. नव्वद किलोच्या माणसाला एकटीने उचलताना कंबर जाते. कपाटातील वस्तू सापडली नाही की पहिली नजर तिच्याकडे वळते. रात्री नऊला ड्यूटी संपवून कल्याण-बदलापूरकडे लोकलने जाताना जीव मुठीत धरावा लागतो. आणि ज्याची सेवा केली तो रुग्ण गेला, की दुसऱ्या दिवसापासून काम संपते. तिच्या दुःखाची कोणी दखल घेत नाही आणि पोटाचीही घेत नाही.

शिवाय तिला आता दुसऱ्या वाटाही मोकळ्या आहेत. आखाती देश, ब्रिटन येथे आपल्या परिचारिका कित्येक वर्षे जात आहेत. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला, त्यातही परिचर्येचा समावेश आहे. जर्मनीतील वृद्धांना जिची किंमत कळली तिची दादर-डोंबिवलीत आपणांस कळू नये, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

ह्यावर उपाय कठीण नाहीत. कामाचे तास, कामांची यादी, वेतन, वेतनाची तारीख, साप्ताहिक सुटी आणि निजण्याची जागा ह्यांची नोंद असलेला एक कागद पहिल्या दिवशी दोघांच्या सहीने करावा. जेथे रात्रीही जागावे लागते तेथे बारा-बारा तासांच्या दोघी ठेवाव्यात; ते न परवडल्यास रात्रीचे चार दिवस तरी घरातील माणसांनी वाटून घ्यावेत. सूचना देणारे माणूस घरात एकच असावे. रुग्णापाशी एक वही ठेवावी. तीत औषधाची वेळ, खाल्ले-प्यायले, लघवी-शौच, रक्तदाब, साखर आणि दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद असावी. पाळी बदलताना दोघींनी ती वही एकत्र वाचावी. ह्या वहीमुळे रुग्ण सुरक्षित राहतो, आणि उद्या काही विपरीत घडले तर परिचारिकेवर विनाकारण ठपका येत नाही. मौल्यवान वस्तू आपणच कुलुपात ठेवाव्यात, म्हणजे संशयाला जागा राहत नाही. आणि कामावरील स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा खाजगी घरालाही कामाचे ठिकाण मानतो, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तिला दाद मागता येते, हे प्रत्येक कुटुंबप्रमुखाने जाणून घ्यावे. रुग्ण पुरुष असो की घरातील पाहुणा असो, 'वयामुळे होते' असे म्हणून ह्या गोष्टीवर पांघरूण घालू नये.

आता मी एका नाजूक गोष्टीकडे वळते. हे ज्ञातीचे व्यासपीठ आहे म्हणूनच ती येथे बोलणे मला आवश्यक वाटते. माझ्याकडे परिचारिकेसाठी जे दूरध्वनी येतात त्यांत आपल्या कुटुंबांचेही असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात हळूच प्रश्न येतो, "आपल्यातली मिळेल का?" मी विचारते, आपल्यातली कोठून मिळणार? आपण आपल्या किती लेकींना ह्या शिक्षणास पाठविले? मी स्वतः गेले तेव्हा माझ्या वडिलांना, मुलीचे लग्न कसे होणार, असे विचारणारे आप्त थोडे नव्हते. जे काम आपल्या मुलींसाठी कमीपणाचे मानले ते करावयास मात्र आपल्यातलीच हवी, हा न्याय कोणता? आणि आलेली बाई दुसऱ्या ज्ञातीची किंवा दुसऱ्या धर्माची निघाली, तर तिचा चहाचा कप निराळा, पाण्याचे भांडे निराळे, जेवण गॅलरीत. ज्या हातांनी आपल्या आईचे मलमूत्र काढले, तिच्या जखमा धुतल्या, तिच्या तोंडात पेज घातली, त्या हातांनी घरातल्या माठातले पाणी घेतले तर घर विटाळते काय? आईचा देह जिच्या स्वाधीन करता येतो, तिच्या स्वाधीन एक कप करता येत नाही, हे मला अनेक वर्षांत उमगलेले नाही. मी ज्या परिचारिकांना घरे सोडताना पाहिले त्यांपैकी कित्येकींनी कमी वेतन सोसले होते. निराळा कप त्यांनी सोसला नाही. आणि सोसू नये, असेच माझे मत आहे.

भगिनींनो, आपल्या संस्थेचे बळ ह्याच कामी लावता येईल. नेदरलँड्समध्ये २००६ साली 'बुर्टझोर्ग' ह्या नावाने एक व्यवस्था सुरू झाली. त्या शब्दाचा अर्थ शेजारची शुश्रूषा असा आहे. एका भागातील जास्तीत जास्त बारा परिचारिकांचा एक गट असतो. कोणी कोणत्या रुग्णाकडे जावयाचे, सुटी कोणी घ्यावयाची, नवी सहकारी कोण निवडावयाची, हे तो गट आपसांत ठरवितो. चार परिचारिकांनी सुरू केलेल्या ह्या कामात पुढे हजारो परिचारिका आल्या. कारण त्या घरोघर जात असूनही एकट्या राहिल्या नाहीत, आणि त्यांच्या बुद्धीवर विश्वास टाकण्यात आला. लिव्हरपूलचे १८ विभाग आणि हा बारांचा गट ह्यांतील तत्त्व एकच आहे.

ह्या अनुरोधाने मी कार्यकारी मंडळापुढे तीन सूचना ठेवते. पहिली, ज्या उपनगरांत आपली कुटुंबे अधिक आहेत तेथे शेजारपाजारच्या इतर कुटुंबांनाही सामील करून घेऊन परिचारिका व सहायक ह्यांचा एक लहान गट बांधावा. एका घरचे काम संपले तर दुसऱ्या जवळच्या घरचे मिळेल, प्रवास वाचेल आणि आजारपणात बदली मिळेल. दुसरी, एका अनुभवी निवृत्त परिचारिकेची मानधनावर नेमणूक करून तिने प्रत्येक घरी आठवड्यातून एकदा जावे, रुग्ण पाहावा, वही वाचावी आणि परिचारिकेची अडचण कुटुंबाला व कुटुंबाची तिला सांगावी. तिसरी, आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीतून दरसाल काही शिष्यवृत्त्या परिचर्येच्या शिक्षणासाठी राखाव्यात, मुलींना व मुलांनाही, आणि त्या देताना ज्ञात पाहू नये. अभियंते व डॉक्टर ह्यांचा गौरव आपण दरवर्षी करतो. पुढील वर्षी ह्याच मंचावर एखाद्या परिचारिकेला शाल व श्रीफळ देण्यात आले तर मला फार समाधान वाटेल.

ह्या योजनेला पैसा लागेल, आणि तो कोणी द्यावा ह्यावर मतभेदही होतील. ते व्हावेत. परंतु आपल्यापैकी प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी ते अंथरूण येणार आहे, आणि त्या वेळी अपरात्री कूस बदलावयास येणारा हात बहुधा परक्याचाच असेल. तो हात शिकलेला असावा, थकलेला नसावा आणि त्यात राग नसावा, एवढी व्यवस्था आपण आज धडधाकट असतानाच करून ठेवावी.